उताराच्या उलट आलेले पेट्रोल: एका खासगी विहिरीच्या प्रदूषणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावालगतच्या खासगी जमिनीचे आहे. गावाचे, कुटुंबाचे आणि इंधन कंपनीचे नाव येथे वगळले आहे. अंतरे आणि पाण्याच्या पातळ्या मात्र दिल्या आहेत, कारण सगळा तर्क त्यांच्यावरच उभा आहे.

जमीन साडेतीन एकरांची असून रस्त्याच्या बाजूला घर, घरामागे ११ मीटर खोल दगडी बांधकामाची विहीर आणि विहिरीपासून थोड्या अंतरावर ६० मीटर खोल बोअर आहे. विहिरीवरच पिण्याचे पाणी, जनावरे आणि उन्हाळी कांदा असे सगळे चालत असे. वीज नसताना पाणी उपसण्यासाठी ठेवलेले जुने डिझेल इंजिन विहिरीच्या उत्तरेला एका पत्र्याच्या शेडमध्ये होते, आणि या शेडचा पुढे बराच संबंध येणार आहे. आग्नेयेला, मध्ये शेजाऱ्याचा एक पडीक तुकडा सोडून, साधारण ९० मीटरवर वीस वर्षांपेक्षा जुना पेट्रोल पंप आहे. पंपाच्या जमिनीखाली पेट्रोलच्या दोन आणि डिझेलची एक अशा तीन एकपदरी पोलादी टाक्या होत्या. पंपाची जमीन विहिरीजवळच्या जमिनीपेक्षा सव्वा मीटरभर खाली आहे, म्हणजे डोळ्यांना दिसणारा उतार विहिरीकडून पंपाकडे आणि तिथून नैर्ऋत्येच्या ओढ्याकडे आहे.

जमिनीची रचना दख्खनच्या पठारावर नेहमी आढळते तशीच आहे. वर मीटर-सव्वा मीटर काळी माती, त्याखाली सुमारे पाच मीटरपर्यंत मुरूम, मग साडेनऊ मीटरपर्यंत कुजलेला आणि भेगाळलेला खडक, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात धरले जाते, आणि विहिरीचे झरेही त्याच थरातून फुटतात.

अडचण कशी पुढे आली

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कांद्याला पाळीवर पाणी देणे चालू असताना, जमीनमालकांच्या आईने चहाला रॉकेलचा वास येत असल्याचे सांगितले. घरात रॉकेल येणे कधीच बंद झाले होते, त्यामुळे सुरुवातीला भांड्यावर, मग पिंपावर आणि शेवटी विहिरीवर संशय गेला. एप्रिलमध्ये वास इतका वाढला की विहिरीच्या कठड्यावर वाकले तरी तो नाकात शिरत असे.

मालकांनी पाण्याचा नमुना तालुक्याच्या ठिकाणच्या एका प्रयोगशाळेत दिला. तिथे सामू, विरघळलेले क्षार, काठिण्य, नायट्रेट आणि जिवाणू यांची नेहमीची तपासणी झाली आणि अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आला. या तपासणीत पेट्रोलमधला एकही घटक मोजला जात नाही. प्रयोगशाळेने खोटे काही लिहिले नव्हते, जे विचारले तेवढेच तिने मोजले होते. पण तो शेरा पुढे वर्षभर प्रत्येक बैठकीत मालकांच्या विरोधात वाचून दाखवला गेला.

दुसरा नमुना शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत, अर्धवट भरून, एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेला आणि त्यात ‘तेल व ग्रीस’ तपासले गेले. या चाचणीत तेल द्रावकात उतरवून घेतात, द्रावक तापवून उडवून लावतात आणि मागे उरलेल्या अंशाचे वजन करतात. वंगण किंवा खाद्यतेल त्यात सापडते, पण पेट्रोलचे हलके घटक द्रावकाबरोबरच उडून जातात. अर्थात तिथेही काही सापडले नाही.

जुलैमध्ये पाऊस लागला, विहीर वर आली आणि वास गेला. पंपचालक आणि जमीनमालक एकमेकांना लहानपणापासून ओळखतात. ‘तात्या, पाणी काय चढाला जातं का? तुमच्या इंजिनाचंच डिझेल असेल ते,’ असे पंपचालक म्हणाले, आणि ते लबाडीने म्हणत होते असे मला आजही वाटत नाही. उतार ज्याला दिसतो त्याला हेच वाटेल. तक्रार तिथेच थांबली.

पुढच्या जानेवारीत वास परत आला, आणि तो पहिल्यापेक्षा तीव्र होता. याच टप्प्यावर भूजलतज्ज्ञ म्हणून मला बोलावण्यात आले.

पहिला निर्णय: सुरक्षितता

तपासाच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागली, आणि ती पाण्याच्या नमुन्यापेक्षा तातडीची होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि विहिरीसारख्या खोलगट जागेत साचून राहते. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही सुटत असल्याने हिवाळ्याच्या पहाटेही ही वाफ तयार होतच असते. विहिरीत कठड्याखाली दीड मीटरवर मोटारीचा जोड लोंबकळत होता. तो काढून स्टार्टर घराच्या भिंतीवर हलवला, विहिरीत कोणी उतरायचे नाही असे गडी-माणसांसह सर्वांना बजावले आणि कठड्यावर विडी-काडीची मनाई केली. गाळ काढायला उतरायचे आधीच ठरले होते, तेही रद्द झाले.

पिण्याचे पाणी त्याच दिवशी बंद करून ग्रामपंचायतीच्या नळावरून भरणे सुरू केले. पाणी उकळून पिऊ का, असे घरातून विचारले गेले. उकळल्याने बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, पाण्यातून जाते हे खरे, पण ते बंद स्वयंपाकघराच्या हवेत जाते आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत उतरते. वास येत नाही तोवर पाणी चांगले, हाही भरवसा धरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी सुचवलेले मूल्य लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, तर बेंझीनचा वास माणसाला पाण्यातून येऊ लागतो तो साधारण लिटरमागे १० मिलिग्रॅमला. म्हणजे नाकाला कळण्याच्या कितीतरी आधी पाणी पिण्याच्या कामातून गेलेले असते.

पर्याय

जमीनमालकांसमोर तेव्हा मुख्यतः तीन वाटा होत्या. पहिली, विहीर सोडून द्यावी, नळाच्या पाण्यावर घर चालवावे आणि बोअरवर शेती करावी. भाऊबंदांचे मत याच बाजूला झुकत होते, कारण पंपाशी वैर नको होते आणि विहिरीत पेट्रोल आहे हे कागदावर आले तर जमिनीचा भाव पडेल अशी धास्ती होती.

दुसरी वाट थेट राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठाकडे जाण्याची होती. हरित न्यायाधिकरण कायदा २०१० चा असून त्याच्या कलम १५ खाली नुकसानभरपाई आणि जागेच्या पुनर्स्थापनेसाठी कारण घडल्यापासून पाच वर्षांत अर्ज करता येतो. कलम १४ खालच्या वादासाठी मात्र मुदत सहा महिन्यांचीच आहे, आणि न्यायाधिकरणाला पटण्याजोगे कारण असेल तर दोन्हींत साठ दिवसांची सवलत मिळू शकते. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलेले आहे आणि या कायद्याच्या कलम २० मध्ये ते नमूद आहे. परंतु प्रदूषण कोणी केले हे दाखवणारा एकही कागद तेव्हा हातात नव्हता, उलट ‘पिण्यास योग्य’ असा शेरा असलेला कागद होता.

तिसरी वाट स्वखर्चाने मर्यादित तपास करून, त्याच्या आधारे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि इंधन कंपनीकडे संयुक्त तपासणीची मागणी करण्याची होती. मंडळाला १९७४ च्या जल कायद्याखाली नमुने घेण्याचे आणि निर्देश देण्याचे अधिकार आहेत. पंपाच्या टाक्यांचा परवाना ‘पेसो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या केंद्रीय यंत्रणेकडून, २००२ च्या पेट्रोलियम नियमांखाली दिला जातो. तिसरी वाट निवडली गेली, आणि वकिलांनी मुदतीच्या तारखा वेगळ्या टिपून ठेवल्या. सलोखा टिकवायचा म्हणून मुदत हातची जाऊ देणे कोणालाच परवडणारे नव्हते.

तपासाची आखणी

पहिला वाद आधी काय मोजायचे यावर झाला. मालकांना पाण्याचा रासायनिक अहवाल तातडीने हवा होता. माझे म्हणणे असे होते की विहिरीत पेट्रोल आहे हे नाकानेच सांगितले आहे, ते कोठून आले हे रसायनशास्त्र एकटे सांगू शकणार नाही, म्हणून आधी पाण्याची पातळी मोजू. शेवटी दोन्ही कामे एकाच आठवड्यात केली.

पातळी मोजण्याचे काम वरवर किरकोळ दिसते. विहिरीत टेप सोडून ‘पाणी साडेसात मीटरवर आहे’ असे सांगणे सोपे, पण ते आकडे ज्या-त्या जमिनीपासूनचे असतात आणि एकमेकांशी जुळवता येत नाहीत. सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) लावून विहिरीच्या कठड्यावर खूण केली, तिला १०० मीटर ही गृहीत पातळी दिली आणि पंपाचे आवार, ओढ्याचा काठ, बोअरचे तोंड या सगळ्यांची उंची त्या खुणेशी बांधून घेतली. पंपाच्या आवाराची पातळी ९८.८० आली. म्हणजे पंपचालकांचे म्हणणे बरोबर होते, पंप खालीच होता.

शेजाऱ्याच्या पडीक तुकड्यातून परवानगी मिळवून आणि कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्यांच्या संमतीने पंपाच्या कुंपणालगत, अशी निरीक्षण छिद्रे घ्यायची होती. पहिले छिद्र नेहमीच्या बोअरच्या गाडीने, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने पाडले गेले. घट्ट पाषाणात ते यंत्र उत्तम, पण कॉम्प्रेसरची हवा तोच वायू उडवून लावते जो आपल्याला मोजायचा असतो, आणि भेगांमधले पाणीही ढवळून टाकते. त्या छिद्रातल्या मातीचे वाचन जवळजवळ शून्य आले. पुढची चार छिद्रे मुरमात हातऑगरने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, आणि खडकात हळू फिरणाऱ्या रोटरीने घेतली. खर्च वाढला, मात्र मुरूम हातात जसाच्या तसा आला. जाळीदार पाइप पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर-खाली दोन्हीकडे येईल असा बसवला, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि जाळी सगळी पाण्याखाली गेली तर तरंगणारा थर पाइपात येतच नाही.

मातीची चाचपणी शेतावरच करता येते. मूठभर मुरूम झिपच्या पिशवीत घालून, अर्धी पिशवी हवा ठेवून, दहा मिनिटे सावलीत ठेवायची आणि मग वायुमापकाची नळी आत सरकवायची. कुंपणालगतच्या छिद्रात साडेतीन मीटरपर्यंत वाचन नगण्य होते, आणि पावणेचार मीटरवर काटा एकदम उसळला. तांबूस मुरूम त्या खोलीला करडा, हिरवट पडलेला होता. पेट्रोल खाणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, त्यानंतर लोहाचा गंज निघून जातो आणि मातीचा तांबडेपणा उतरतो. हा रंग एकदा पाहिला की विसरत नाही.

पाण्याच्या नमुन्यांसाठी ४० मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या, तळाशी आम्ल घातलेल्या कुप्या वापरल्या. पाणी काठावर फुगवटा येईपर्यंत सावकाश भरायचे, आतले आम्ल वाहून जाऊ द्यायचे नाही, झाकण लावून कुपी उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची आणि आत बुडबुडा दिसतो का ते पाहायचे. बुडबुडा असला तर बेंझीन त्यात निघून येते, म्हणून ती कुपी बाद. विहिरीतला नमुना पृष्ठभागावरचा न घेता झऱ्याच्या खोलीचा घेतला, कारण उघड्या विहिरीच्या वरच्या पाण्यातून हलके घटक रोज उडत असतात. कुप्या बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवल्या, वाटेत बाहेरून काही मिसळले तर कळावे म्हणून सोबत शुद्ध पाण्याची एक कुपी प्रवासाला दिली आणि प्रत्येक हस्तांतरावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्यांनी त्याच वेळी आपले स्वतंत्र नमुने घेतले. मागच्या वर्षीच्या अहवालांपेक्षा या अहवालांना वजन आले ते या कंटाळवाण्या शिस्तीमुळे.

इंजिन शेडचा प्रश्न

इथे एक नाजूक निर्णय होता. शेडमध्ये जमीन काळी पडली होती, हे कोणीही पाहू शकत होते. मालकांचा आग्रह होता की तिथे खोदू नये, आपणच आपल्या विरोधात पुरावा कशाला द्यायचा. आम्ही उलट सुचवले. ती जागा दुसऱ्या बाजूने तपासायला लावण्यापेक्षा आपण आधी तपासावी, आणि जे सापडेल ते अहवालात लिहावे. बरीच बोलणी झाल्यावर ते तयार झाले.

शेडखाली डिझेल सापडले, पण ते वरच्या चाळीस सेंटिमीटर काळ्या मातीत अडकलेले होते. दीड मीटरवर काहीही नव्हते. शिवाय डिझेल आणि पेट्रोल एकमेकांत लपून राहत नाहीत. पेट्रोलचे घटक साधारण चार ते बारा कार्बनचे, डिझेलचे दहा ते पंचवीसच्या दरम्यानचे. मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या आलेखात दोघांच्या शिखरांच्या रांगा वेगवेगळ्या जागी उभ्या राहतात. विहिरीच्या पाण्याच्या आलेखात डिझेलची पसरट टेकडी नव्हती, हलक्या घटकांची शिखरे होती. शेडचा मुद्दा त्या बैठकीनंतर पुन्हा निघाला नाही.

काय सापडले

मार्चमध्ये, सकाळी मोटार सुरू होण्याआधी, विहिरीतल्या पाण्याची पातळी ९२.६० होती. पंपाच्या कुंपणालगतच्या छिद्रात पाणी जमिनीखाली ४.९० मीटरवर, म्हणजे ९३.९० वर होते. जमीन पंपाकडे उतरत होती, पण जमिनीखालचे पाणी १.३० मीटरच्या फरकाने विहिरीकडे उतरत होते. कांद्यासाठी रोजचा उपसा हेच त्याचे कारण होते. खात्रीसाठी मोटार दहा दिवस पूर्ण बंद ठेवली, तेव्हा विहीर ९३.७२ पर्यंत चढली, ओढ्याकडच्या छिद्रात ९३.१० राहिले, आणि पाण्याचा कल नैसर्गिक दिशेने, ओढ्याकडे वळला. भेगाळलेल्या खडकातला प्रवास लक्षात घेता ९० मीटरचे अंतर महिना-दोन महिन्यांत कापले जाणे शक्य होते, आणि कांद्याची लागण ते पहिला वास हा काळ त्याच्याशी जुळत होता.

बेंझीनचे प्रमाण लिटरमागे असे आले: कुंपणालगत ९.४ मिलिग्रॅम, पडीक तुकड्यात २.६, विहिरीत ०.४२, ओढ्याच्या बाजूला ०.०३, आणि शेडपलीकडच्या छिद्रात काहीच नाही. कुंपणालगतच्या छिद्रात पाण्यावर ११ सेंटिमीटर पेट्रोल तरंगत होते. पारदर्शक बेलर (छिद्रातून नमुना काढायची नळी) वर आला तेव्हा फिकट पिवळा थर आणि खाली पाणी अशी सरळ रेघ सगळ्यांनी पाहिली, आणि पंपचालक त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. छिद्रातली जाडी म्हणजे जमिनीतली जाडी नव्हे, खडकात ती पुष्कळ कमी असते, हे तिथेच सांगावे लागले, नाहीतर गावात दुसऱ्या दिवशी पेट्रोलची विहीर लागल्याची बातमी झाली असती.

तरीही कंपनीचा एक मुद्दा शिल्लक होता. साठ्याच्या नोंदवहीत मोठी तूट नव्हती. महिन्याला ९० हजार लिटर पेट्रोल विकणाऱ्या पंपावर ०.३ टक्के घट म्हणजे २७० लिटर होतात, आणि एवढी घट बाष्पीभवनाच्या खाती सहज खपते. भारत स्टेज ६ च्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का असू शकते. त्या हिशेबाने २७० लिटरांत २.७ लिटर, म्हणजे सव्वादोन किलोपेक्षा थोडे अधिक बेंझीन होते. ते सगळे पाण्यात विरघळले असे धरले तर वर सांगितलेल्या मूल्यापर्यंत आणण्यासाठी २३ कोटी लिटरांहून अधिक पाणी लागेल. नोंदवहीत न दिसणारी गळती भूजलासाठी मोठी असू शकते, हा मुद्दा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

निर्णायक ठरला तो त्याच नोंदवहीतला वेगळा रकाना. टाकीत डिपरॉड, म्हणजे साठा मोजायची खुणांची काठी, सोडताना त्याच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात, पाणी असले की तिचा रंग बदलतो. मागच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या टाकीत वारंवार काही सेंटिमीटर पाणी नोंदले होते आणि ते उपसून काढले होते. पंपावर ते पावसाचे पाणी झाकणातून शिरल्याचे समजले गेले. पण टाकीचा तळ जमिनीखाली ३.६ मीटरवर होता आणि पावसाळ्यात तिथले भूजल २.२ मीटरपर्यंत चढत असे. टाकी अर्धीअधिक रिकामी असताना बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्या पेट्रोलपेक्षा जास्त होतो, आणि तळाला छिद्र असेल तर पाणी आत येते. उन्हाळ्यात भूजल तळाच्या खाली गेले की त्याच छिद्रातून पेट्रोल बाहेर जाते. पावसाळ्यात वास जाणे आणि टाकीत पाणी येणे या एकाच छिद्राच्या दोन बाजू होत्या. टाकी रिकामी करून दाबचाचणी घेतली, ती टिकली नाही.

उपाययोजना

मे महिन्यात टाकी काढण्यात आली. ती वायुमुक्त करून उचलली तेव्हा तळालगतच्या सांध्यापाशी गंजून पडलेली दोन बारीक छिद्रे दिसली. वास असलेला मुरूम उपसून त्यातला जास्त दूषित भाग घातक कचऱ्याच्या अधिकृत सुविधेकडे आणि उरलेला आवारातच ताडपत्रीवर ढीग घालून, हवा खेळवत आणि खत-पाणी देत जैविक शुद्धीकरणासाठी ठेवला गेला.

विहिरीच्या उपशाचे काय करायचे, हा सर्वांत अवघड निर्णय होता. उपसा चालू ठेवला तर पेट्रोल विहिरीकडे ओढले जाणार, बंद केला तर ते ओढ्याकडे आणि खालच्या बाजूच्या दोन विहिरींकडे जाणार. मालकांना साहजिकच उपसा बंद हवा होता. शेवटी कुंपणालगतच जाड पाइपाचे एक उपसा-छिद्र घेऊन त्यातून मंद गतीने सतत पाणी काढायचे ठरले, म्हणजे पाण्याचा खळगा पंपाच्या आवारातच राहील आणि पेट्रोल दोन्हीकडे जाणार नाही. तरंगणारा थर आधी वेगळा काढला जाई, पाणी हवेच्या झोतातून आणि मग सक्रिय कार्बनमधून जाई. विहिरीचा उपसा त्या वर्षी पूर्ण बंद राहिला आणि कांद्याची नुकसानभरपाई कंपनीने दिली. रक्कम उघड न करण्याचे दोन्ही बाजूंनी मान्य केले आहे.

६० मीटर खोल बोअरलाही हात घालावा लागला. त्याचा केसिंग पाइप, म्हणजे वरच्या थरांचे पाणी अडवणारा बाहेरचा पाइप, केवळ सहा मीटरचा होता, म्हणजे दूषित थर आणि खालच्या भेगा यांच्यात ते बोअर उघड्या वाटेसारखे होते. खालच्या पाण्यात बेंझीन अगदी थोडे सापडले होते, तरी ते सिमेंटने भरून बंद केले. पहिल्या पर्यायात शेती याच बोअरवर करायची होती. तसे झाले असते तर पेट्रोल खालच्या थरात ओढले गेले असते.

निष्पत्ती

पहिल्या पावसाळ्यानंतर विहिरीतले बेंझीन ०.०४ पर्यंत उतरले आणि काम संपल्यासारखे वाटले. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढले तेव्हा ते पुन्हा ०.११ वर गेले. पाण्याची पातळी वर्षानुवर्षे वर-खाली होताना पेट्रोल मुरमाच्या दोन-अडीच मीटरच्या पट्ट्यात लिंपले गेले होते, आणि पाणी त्या पट्ट्यात चढले की थोडे-थोडे परत विरघळत होते. कंपनीला उपसा बंद करायचा होता. मंडळाच्या बैठकीत तो मे आणि ऑक्टोबर अशा दोन टोकांच्या सलग चार वाचनांपर्यंत चालू ठेवण्याचे ठरले. तिसऱ्या वर्षाअखेर विहिरीतले प्रमाण ०.०१ च्या खाली आले. पाणी शेतीला वापरले जाते, पिण्यासाठी नाही, आणि घरात आता नळ आहे.

खालच्या बाजूच्या दोन विहिरींपैकी एका मालकाने नमुना देऊ केला, त्यात काही सापडले नाही. दुसऱ्याने शेवटपर्यंत नकार दिला. त्याची जमीन विकायला काढलेली होती.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या मार्चमध्येच प्रयोगशाळेला ‘पाणी तपासा’ असे न सांगता ‘पेट्रोलचे उडून जाणारे घटक तपासा’ असे सांगितले असते, तर एक पूर्ण वर्ष वाचले असते आणि त्या वर्षीची गळती जमिनीत गेली नसती. प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या माणसाला वासाची गोष्ट सांगितली होती, पण नमुन्याच्या फॉर्मवर वास लिहायला जागाच नव्हती. पावसाळ्यात वास गेला म्हणून तक्रार सोडून देणे हा दुसरा महागडा निर्णय ठरला. वास का गेला हे विचारले असते तर उत्तर तेव्हाही नोंदवहीत लिहिलेले होते.

टाकीचा खड्डा मात्र सगळ्यांना चुटपुट लावून गेला. टाकी संध्याकाळी निघाली, पाऊस येईल म्हणून ठेकेदाराने रात्रीतच खड्डा भरून टाकला आणि तळाचे व भिंतींचे नमुने घ्यायचे राहिले. किती पेट्रोल मागे राहिले हे त्यामुळे कधीच नेमके कळले नाही, आणि तो अंदाज बांधण्यासाठी भरावातून नवी छिद्रे घ्यावी लागली. नमुने घेतल्याशिवाय खड्डा भरायचा नाही ही अट कामाच्या आदेशातच असायला हवी होती. आता मी ती प्रत्येक ठिकाणी घालायला लावतो.

हे प्रकरण चालू झाले तेव्हा अशा जागांसाठी वेगळे नियम नव्हते. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून संशयित जागांची यादी करणे आणि राज्य मंडळाने प्राथमिक व सविस्तर तपासणी करणे यासाठी त्यात पायऱ्या आणि मुदती ठरवून दिल्या आहेत. तेव्हा हे असते तर तिसऱ्या पर्यायातला बराचसा पत्रव्यवहार वाचला असता, आणि पहिल्या तपासाचा खर्च मालकांनी स्वतःच्या खिशातून करण्याची वेळ कदाचित आली नसती. तो खर्च कंपनीने नंतर परत केला, पण तो मिळेपर्यंतचे व्याज कोणी द्यायचे यावर पत्रे अजून चालू आहेत.